वहिनींच्या गाडीतलं पाणी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी पेपरवाल्याशी भांडत होतो. रविवारची पुरवणी त्याने पुन्हा टाकली नव्हती आणि वर मलाच सांगत होता, की काका, तुम्हीच कुठेतरी ठेवली असेल. फोन वाजला, मी तो बंद केला. पुन्हा वाजला. उचलला तर पलीकडून मिलिंद एवढंच म्हणाला, "काका, आई गेली..." मिलिंद माझा पुतण्या, पुण्याला असतो. त्याची आई म्हणजे माझी मोठी वहिनी, शालूवहिनी. जळगावच्या आपल्या घरात, सकाळचा चहा घेऊन ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारच्या बाई दुधाची पिशवी द्यायला आल्या तर यांचं उत्तर नाही. कप शेजारी खाली ठेवलेला होता आणि तो रिकामा होता. मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं, की चहा पूर्ण पिऊन गेल्या. अर्धवट काही सोडायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पेपरवाला अजून दारात उभा होता. त्याला म्हटलं, जा बाबा, उद्या बघू.

त्याला आता काही आठवडे झाले. मी निवृत्त शिक्षक, धुळ्याला राहतो, पण भेटायला माणसं माझ्याकडेही येतात आणि हळू आवाजात म्हणतात, "फार शांत होत्या हो तुमच्या वहिनी. फार सोशिक." पहिल्या दोन-तीनदा मी गप्प बसलो. मग डोकं फिरायला लागलं. शांत? सोशिक? भाजीवाल्याने किडकं वांगं दिलं तर दुसऱ्या दिवशी तेच वांगं पिशवीत घालून त्याच्या गाडीपाशी उभी राहणारी बाई ती. माणूस गेला की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून ठेवतात, तसं वहिनींचं होऊ नये म्हणून हे लिहायला बसलो आहे. रडगाणं लिहिणार नाही. एका शनिवारी वहिनी जिंकल्या आणि त्या जिंकण्यावर पुढची सगळी वर्षं आपल्या मनासारखं जगल्या, ते लिहिणार आहे.

वहिनी साक्रीकडच्या एका खेड्यातून आमच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वडिलांना शुद्ध बोलण्याचं खूळ होतं. घरात कोणी अहिराणी बोललं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. वहिनींनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "मामा, चहा लेतस का?" वडिलांनी आठ्या घातल्या, पण चहा घेतला. पुढे वडील आजारी पडले तेव्हा शेवटी शेवटी वहिनींशी अहिराणीच बोलायचे, आणि आम्ही मुलं ऐकतोय असं दिसलं की पुन्हा शुद्ध व्हायचे. माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, जळगावला नोकरीला होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली. दादा ती बैलगाडीसारखी चालवायचे, समोरून कोणीही आलं की थांबून त्याला जाऊ द्यायचे. पुढे त्यांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि गाडी दारात उभी राहायला लागली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, मला शिकवा. वय पन्नाशीच्या पुढे. दादा रोज पहाटे त्यांना गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर न्यायचे आणि दोघं तिथे कडकडून भांडायचे. मी एकदा मागच्या सीटवर बसलो होतो, पुन्हा बसलो नाही. पण वहिनी शिकल्या. दादांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं काम अखेरपर्यंत त्यांनीच केलं.

दादा गेले त्या दिवशीचं एक सांगतो. बायका वहिनींचं कुंकू पुसायला पुढे आल्या. वहिनींनी त्यांतल्या मोठ्या बाईचा हात मनगटाशी धरला आणि म्हणाल्या, "हे मी परकरी होते तेव्हापासून लावते. त्यांनी आणलेलं नव्हतं, ते घेऊन जाणार नाहीत." तो हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. त्यानंतर त्या रोज सकाळी कुंकू लावायच्या आणि रोज सकाळी गाडी पुसायच्या. भाजीला बाजारात, बहिणीकडे भुसावळला, वांगी घ्यायला नशिराबादला, सगळीकडे गाडी. साक्रीला माहेरी जाताना धुळ्यात आमच्याकडे थांबायच्या, चहा घ्यायच्या आणि माझ्या घरातल्या पसाऱ्यावरून मला दोन शब्द सुनावून पुढे जायच्या.

मिलिंदला हे पटत नव्हतं. पोरगा गुणी, आईवर जीव टाकणारा, पण त्याचा जीव आपला पुण्यात बसून घाबरायचा. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा धरायला लागला, आणि त्याने धोशाच लावला... गाडी विकून टाक, घराला कुलूप लाव, आमच्याकडे ये. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. पण एकदा भुसावळहून येताना गाडी भर दुपारी रस्त्यात बंद पडली. एक ट्रकवाला देवासारखा भेटला म्हणून घरी पोचल्या. ही बातमी भुसावळच्या बहिणीने मिलिंदला पोचवली, आणि मिलिंदने फोनवर, मलाही त्याच फोनवर घेऊन, सरळ करार मांडला. "आई, या वर्षी कानबाईला तू त्या गाडीने धुळ्याला जा. मध्ये कुठेही न अडकता पोचलीस, तर मी जन्मात पुन्हा विषय काढणार नाही. नाही पोचलीस, तर दिवाळीनंतर पुण्याला. कबूल?" मला वाटलं वहिनी भडकणार. त्या म्हणाल्या, "कबूल. काका साक्षीदार."

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी माणसांचा घरचा सण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नारळाची देवी मांडतात, नैवेद्याचे रोट करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जातात. आमच्या कुळातलं पिढ्यांपासूनचं नारळ मोठ्या सुनेकडे, म्हणजे वहिनींकडे जळगावला असायचं आणि कानबाई बसायची धुळ्याला माझ्या घरी. नारळ आणताना सोबत घरातला पुरुष हवा अशी आमच्याकडची रीत, म्हणून दरवर्षी मी आदल्या शुक्रवारी एसटीने जळगावला जायचो आणि शनिवारी वहिनींच्या गाडीतून नारळ घेऊन परत यायचो. त्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तर ओट्यासमोर गाडी उभी, गाडीखाली पितळेची परात ठेवलेली, आणि परातीत थेंब थेंब पाणी टपकत होतं. वहिनी कमरेवर हात ठेवून त्या परातीकडे बघत उभ्या होत्या.

झालं होतं असं. त्याच आठवड्यात बाजारातून येताना गाडीतला गरमीचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ आली. गल्लीच्या तोंडाशी सुपडूभाऊंचं गॅरेज आहे. दादा असल्यापासून ही गाडी त्यांच्याच हातची. त्यांनी बघितलं आणि सांगितलं, "वॉटर पंप गया, वहिनी. नवा टाकना पडी." हा पंप इंजिनमध्ये पाणी फिरवतो, तो गेला की इंजिन तापून बसतं. वहिनी स्वतः दुकानात जाऊन चांगल्यातला पंप घेऊन आल्या, नव्या वस्तूचं घरात जे करतात ते केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडूभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो बसवला, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कुलंट भरलं, गाडी सुरू करून दिली. दुपारपर्यंत गाडीखाली ओल. संध्याकाळपर्यंत थारोळं.

मग सुरू झाली चेंडूफेक. सुपडूभाऊ म्हणाले, पंप डुप्लिकेट असेल, दुकानात दाखवा. दुकानवाले शेठजी म्हणाले, वहिनी, माल आमचा अस्सल आहे, बसवणाऱ्याचा हात बघा. सुपडूभाऊंनी येऊन बोल्ट आवळले, नळ्यांच्या पट्ट्या आवळल्या, रेडिएटरचं झाकण बदललं, आणि तरी थेंब थांबेना तेव्हा म्हणाले, "नवा पंप शे, थोडं पाझरी. दोन दिनमा आपोआप बसी जाई." इथे वहिनींचा बांध फुटला. भर गल्लीत, ओट्यावर उभं राहून, त्यांनी सुपडूभाऊंचा असा उद्धार केला की समोरच्या घरातली माणसं गच्चीवर आली. "दोन दिन? मी उद्या धुळ्याले पोचनू नही तर मनं घर बंद व्हई, तुले माहीत शे का?" सुपडूभाऊ पाना हातात धरून खाली मान घालून उभे. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. हे सगळं मला वहिनींनीच त्या संध्याकाळी सांगितलं. अजून राग उतरलेला नव्हता, आणि रागाच्या खाली भीती होती. माझ्या वहिनीला घाबरलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, दादा गेले तेव्हासुद्धा नाही. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, पुण्याला मिलिंदकडे सगळं चांगलं आहे हो. पण तिथे मी कोणाच्या तरी मागच्या सीटवर असेन." मी मुकाट्याने ताक प्यायलो.

मिलिंद रात्री उशिरा आला, आपली मोठी नवी गाडी घेऊन. सकाळी उठून त्याने परात बघितली. आईला टोमणा मारला नाही, उलट पाठीवरून हात फिरवला, म्हणाला, "जाऊ दे आई. माझ्या गाडीत बस, नारळ मांडीवर घे, तासा-दोन तासांत धुळ्याला." ते प्रेमाने बोलणंच जास्त लागलं असणार. वहिनींनी साडीचा पदर खोचला, खाली वाकल्या, परात बाहेर ओढली आणि उजेडात धरली. मीही डोकावलो. हिरवट पाणी, आणि परातीच्या तळाशी तांबूस गाळाची बारीक रेघ. तोवर सुपडूभाऊ आलेच होते, रात्री पाणी किती उतरलं ते बघायला. ते म्हणाले, "गंज शे तो. जुनं इंजिन, येसच." वहिनींनी त्या रेघेत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटाचा शेंडा लाल झाला होता. पदराला पुसला, तरी लाल. मग त्या बोटाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या... आणि हळूच वळून घरात देवघराच्या दिशेला बघितलं.

"हाऊ गंज नही, सुपडूभाऊ," त्या म्हणाल्या. "हाई कुंकू शे."

मला काही कळेना, मिलिंदला तर मुळीच नाही. वहिनी पायरीवर बसल्या आणि सांगितलं. पंप दुकानातून आणला, डब्यातून काढला, रात्रभर देवघरात ठेवला. नवा मिक्सर असो, पंखा असो, शेगडी असो, वापरायच्या आधी त्यांचं हळदकुंकू ठरलेलं. मिलिंदने दिलेल्या मोबाइललाही लावलं होतं, अजून त्याच्या कडेला डाग आहे. तर पंपालाही लावायचं. आता त्या ओबडधोबड लोखंडी वस्तूवर कुंकू लावायला चांगली जागा कोणती? एक बाजू अगदी गुळगुळीत, चकचकीत, आरशासारखी होती. तीच निवडली. कुंकू ओलं करून मोठं बोट ओढलं, वर दोन अक्षता चिकटवल्या, नमस्कार केला. आणि ती गुळगुळीत बाजू म्हणजे नेमकी पंपाची इंजिनला टेकणारी बाजू. तिथे कागदाचं पॅकिंग घालून पंप घट्ट बसवतात. तिथे केसाएवढा उंचवटा राहिला तरी पाणी वाट काढतं, आणि वहिनींनी तर तांदूळच ठेवले होते.

मी सुपडूभाऊंकडे बघितलं. म्हटलं, अहो, तुम्ही बसवताना बघितलं नाही? त्यांनी मान हलवली. बघितलं होतं. "दखं व्हतं, गुरुजी. पण देवघरमातलं कुंकू... माले पुसानी हिंमत नही व्हयनी. म्हनं, पॅकिंग दाबी लेई." म्हणजे इंजिनकडची बाजू या माणसाने घासून पुसून लख्ख केली होती, आणि पंपाकडच्या बाजूचं कुंकू दिसत असून तसंच ठेवून वरून पॅकिंग आवळलं होतं. आदल्या दिवशी भर गल्लीत शिव्या खाल्ल्या, तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं ते हेच सांगायला. पण चारचौघांत बाईमाणसाला, त्यातून नवरा गेलेल्या बाईला, तुमचं कुंकू पुसायला हवं होतं असं सांगायचं कसं, म्हणून पुन्हा मिटलं. मला राग यावा की हसू यावं हे कळेना. आमच्या मुलखातच अशी गाडी गळू शकते.

वहिनींना मात्र हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यात हसू किती आणि दुसरं काय किती ते मला सांगता येणार नाही. मग उठल्या. समोरच्या गच्चीवर कालचीच मंडळी आज पुन्हा जमलेली होती. वहिनी रस्त्याच्या मध्ये गेल्या आणि वर बघून मोठ्याने म्हणाल्या, "बठ्ठाजन ऐका. सुपडूभाऊनं काम चोख व्हतं. चूक मनी शे. काल मी जे बोलनू ते बठ्ठं परत लेस." भांडताना जेवढा आवाज होता तेवढ्याच आवाजात. मिलिंद म्हणाला, "म्हणजे आई, तूच..." वहिनी म्हणाल्या, "हो, मीच. पण अजून दुपार झालेली नाही. सुपडूभाऊ, काढा पंप."

पंप निघाला. पॅकिंगवर एका जागी सुरकुती होती, तिथे दोन चपटे झालेले तांदूळ आणि वाळून खपली झालेलं कुंकू, आणि त्याच्या कडेने पाण्याने पाडलेली ओली वाट. इतकी स्पष्ट की मुलांना फळ्यावर काढून दाखवावी. सुपडूभाऊंनी पंप धरला, फडकं घेतलं, आणि पुन्हा थबकले. वहिनींनी फडकं त्यांच्या हातून काढून घेतलं. त्या काय म्हणाल्या ते माझ्या कानात अजून आहे. "माझ्या कपाळावरचं पुसायला आल्या होत्या तेव्हा मी हात धरला. हे माझं आहे, मीच लावलंय, मीच पुसते." आणि त्यांनी पंपाचं ते तोंड घासून घासून पुसलं, नखाने खपली काढली, पुन्हा पुसलं, बोट फिरवून बघितलं, माझं बोट धरून फिरवून बघायला लावलं. मिलिंद तोपर्यंत फोनमध्ये काहीतरी बघत होता. त्याने फोन खिशात ठेवला.

आता नवं पॅकिंग हवं. जुनं सुरकुतलेलं कामाचं नव्हतं, आणि सुट्टं पॅकिंग दुकानात मिळेना. सुपडूभाऊंकडे पॅकिंगच्या जाड कागदाचा ताव होता. ते म्हणाले हातोडीने कडेकडेने ठोकून आकार उठवतो, पण तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली ना? आता जरा उपयोग दाखवा." टोमणा होता, पण काम खरं होतं. पंप कागदावर ठेवून मी पेन्सिलीने कड गिरवली, भोकं मारली, आणि ओट्यावर मांडी घालून ब्लेडने पॅकिंग कापलं. इतक्या वर्षांत माझ्या हाताने काढलेल्या कुठल्याही चित्राकडे लोकांनी इतक्या काळजीने बघितलं नव्हतं. सुपडूभाऊंनी ते बोल्टच्या भोकांवर धरलं, एकेक भोक जुळलं, आणि ते म्हणाले, "गुरुजी, गॅरेजले या." वहिनी म्हणाल्या, यांना घेऊ नका, हे भांडखोर आहेत.

पंप बसला. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले, पॅकिंगवर फासलेला चिकट लेप वाळायला वेळ दिला. तेवढ्या वेळात वहिनींनी सगळ्यांना पोहे केले, गच्चीवरच्यांनासुद्धा. मग कुलंट भरलं, गाडी सुरू केली. परात घासून, पुसून, कोरडी करून खाली सरकवली. काटा चढला, मधल्या रेघेपाशी थांबला, पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. वहिनींनी साडी सावरून गुडघा टेकला, दुखरा गुडघा, आणि परात बाहेर काढली. परातीत त्यांचा चेहरा दिसत होता. एक थेंब नाही. त्यांनी ती परात मिलिंदच्या हातात दिली. "घे. बघ नीट. वास घेऊन बघ." मिलिंदने खरोखर बोट फिरवलं आणि हसला.

मग निघालो. नारळ मागच्या सीटवर, लाल कपड्यात, दोन उशांच्या मध्ये. मी पुढे वहिनींशेजारी. मागून मिलिंद आपल्या गाडीत, आईच्या मागे राहायचं असं ठरलेलं. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. वहिनींचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. एरंडोलपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, यावरून ओळखा. पारोळ्याला चहाला थांबलो. चहा येण्याआधी त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, टॉर्च मारून बघितलं. कोरडं. हॉटेलवाला आला, म्हणाला, आजी, काही झालं का? वहिनी म्हणाल्या, "काही झालेलं नाही. तेच बघते आहे." आणि तिथून पुढे ज्या बोलायला लागल्या, त्या धुळे येईपर्यंत. सासरचे, माहेरचे, माझे लहानपणचे सगळे प्रताप काढले. मुकटीजवळ त्यांनी एका टेम्पोला मागे टाकलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी दारावरची मूठ घट्ट धरून बसलो होतो, तरी मला त्या क्षणी फार आनंद होत होता. उघडच लिहितो. माझ्या भावाची बायको, सत्तरीकडे झुकलेली, मांडीवर कोणाचं काही न घेता, स्वतःचं चाक स्वतःच्या हातात धरून देवी घेऊन निघाली होती, आणि मी तिच्या शेजारी बसलो होतो.

धुळ्याला दारात सगळे भाऊबंद जमलेलेच होते. करार सगळ्यांना माहीत झाला होता, मीच सांगितला होता. वहिनींनी गाडी फाटकाशी आणून उभी केली, हॉर्न वाजवला, आणि उतरून आधी बॉनेट उघडलं. "या. ज्याला बघायचं असेल त्याने बघा." माझी बायको आरतीचं ताट घेऊन आली तर तिला म्हणाल्या, आधी नारळाला ओवाळ, मग गाडीला ओवाळ, पण कुंकू वरून लाव, काचेवर. मग संपूर्ण हकिगत स्वतः सांगितली, स्वतःच्या फजितीसकट, प्रत्येक नव्या येणाऱ्याला पहिल्यापासून. त्या रात्री कानबाईच्या गाण्यांत आमच्या चुलतवहिनीने पंपाचं एक कडवं जोडून म्हटलं आणि शालूवहिनी दुखऱ्या गुडघ्याने फुगडी खेळल्या. मिलिंद भिंतीला टेकून बघत होता. पुन्हा त्याने गाडी विकायचं किंवा पुण्याला येऊन राहायचं नाव काढलं नाही. शब्दाचा पक्का निघाला, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पुढची वर्षं वहिनींनी घरातच काढली, आपल्या घरात. भुसावळ, नशिराबाद, साक्री, सगळं चालू राहिलं. सुपडूभाऊंकडे दर दिवाळीला फराळाचा डबा गेला. गाडी पुन्हा बिघडली नाही असं नाही, जुनी गाडी ती, बॅटरी गेली, क्लच गेला. पण वहिनी घाबरल्या नाहीत पुन्हा. फोन करून मला सांगायच्या, "भाऊजी, आज अमुक गेलं, उद्या बसेल." आणि बसायचं. शेवटच्या सकाळी त्या ज्या ओट्यावर बसल्या होत्या तो त्यांचा होता, खाली उभी असलेली गाडी त्यांची होती, आणि आदल्या दिवशी त्या स्वतः चालवत बाजारातून आल्या होत्या. याहून वेगळं मरण त्यांनी मागितलं नसतं. मला त्यांची आठवण येते तेव्हा वाईट वाटतं, खूप वाटतं, पण त्यांच्याबद्दल वाईट वाटत नाही.

यंदा दुखवटा, आमच्याकडे कानबाई बसणार नाही. नारळ माझ्या बायकोकडे सांभाळायला द्यायचं ठरलं. चौदावं झाल्यावर मिलिंदचा फोन आला, की मी नारळ घेऊन येतो आणि तसाच नाशिकमार्गे पुण्याला जातो. मला वाटलं त्याच्या मोठ्या गाडीने येईल. फाटकाशी हॉर्न वाजला, बाहेर आलो, तर पांढरी गाडी. त्याची गाडी बायको घेऊन पुढे गेली होती. "ही विकणार नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही काका. ही मी चालवणार." नारळ त्याने माझ्या बायकोच्या ओटीत दिलं, चहा घेतला, बॉनेट उघडून पाणी बघितलं आणि निघायला बसला. तेव्हा माझं लक्ष गेलं. हा सहा फुटी माणूस आत नीट मावतच नव्हता. गुडघे चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले, पाठ उशीला चिकटलेली, हात कोपरात दुमडलेले. वहिनी ठेंगण्या, त्यांची सीट पार पुढे ओढलेली असायची. असाच तो जळगावपासून आला होता.

मी खिडकीत वाकून म्हटलं, "अरे, सीट मागे घे. खाली डाव्या हाताला दांडी आहे बघ."

"माहीत आहे, काका," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.